‘फाइंड माय डिव्हाइस’चं बटण करडं पडलंय? फॉरमॅट मारण्याआधी एवढं बघा

नांदेडच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. तिच्यासाठी त्यांनी ओळखीच्या दुकानातून रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून पुन्हा विकलेला) लॅपटॉप घेतला, विंडोज ११ टाकूनच मिळाला. हॉस्टेलवर चोऱ्या होतात असं कानावर आलं म्हणून ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही हरवलेला लॅपटॉप नकाशावर शोधायची विंडोजची सोय चालू करायला गेले, तर बटण करडं. दाबलं तरी हलत नाही. लोकेशनच्या बटणाचीही तीच गत. दुकानदार म्हणतो, “विंडोज करप्ट झालंय, आणून द्या, ८०० रुपयांत फॉरमॅट मारून देतो.” तर फॉरमॅट मारावं का, आणि हे एकदा चालू झालं की चोरीला गेलेला लॅपटॉप खरंच सापडतो का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर, आत्ता नको. दुसऱ्याचं, क्वचित. आता सविस्तर सांगतो. नाशिकला माझं दुरुस्तीचं टेबल आहे, १८ वर्षं झाली, आणि हे करडं बटण महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येतंच.

तुम्हाला वाटतंय की बटण बिघडलंय. पण बिघडलेलं बटण वेगळं वागतं. ते दाबलं जातं आणि लगेच मागे येतं, किंवा ते पान उघडताक्षणी सेटिंग्जच बंद पडतात. करडं बटण म्हणजे विंडोज सांगतंय, की याचा निर्णय आधीच कुणीतरी करून ठेवलाय आणि तो फिरवायचा अधिकार तुमच्या खात्याला नाही. त्यामुळे मी अशा लॅपटॉपवर बिघाड शोधत बसत नाही, हे बंद कुणी केलं ते शोधतो. नव्या लॅपटॉपवर तो ‘कुणी’ बहुधा आपण स्वतःच असतो. सेटअपच्या वेळी घाईघाईत ‘नो’, ‘नो’ दाबत गेलेलो असतो. रिफर्बिश्डवर मात्र आधीचा मालक, त्याची कंपनी आणि विकणारा दुकानदार असे तिघे संशयित असतात.

ही सोय विंडोजमध्ये आली २०१५च्या नोव्हेंबरात, विंडोज १०च्या १५११ या आवृत्तीबरोबर. तेव्हापासून तिच्या गरजा त्याच आहेत. लोकेशन सेवा चालू हवी. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं वैयक्तिक खातं हवं, कंपनीचं किंवा कॉलेजने दिलेलं खातं चालत नाही. त्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार हवा. इंटरनेट हवं. या सगळ्यांच्या डोक्यावर पॉलिसी नावाची एक गोष्ट बसलेली असते. तिने नाही म्हटलं की खालचं सगळं जागेवर असूनही उपयोग नाही.

तुमचा लॅपटॉप माझ्यासमोर नाही, त्यामुळे यातलं नेमकं काय अडलंय हे इथून ठामपणे सांगता येणार नाही. पण तुम्ही एक गोष्ट लिहिलीत, की लोकेशनचंही बटण करडं आहे. त्यावरून माझा संशय एकतर खात्याच्या अधिकारावर जातो नाहीतर पॉलिसीवर. फक्त ‘फाइंड माय डिव्हाइस’ करडं असतं आणि लोकेशन नुसतंच बंद असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. लोकेशन चालू केलं की खालचं आपोआप मोकळं होतं.

सुरुवात वाचण्यापासून करा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी बटण पाहिलेलं असतं, पण त्याच्या आसपासची बारीक अक्षरातली ओळ वाचलेली नसते. सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘लोकेशन’ उघडा आणि पान वरपासून सावकाश वाचा. काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते, अशा अर्थाची ओळ कुठे दिसते का? दिसली तर पॉलिसी. दिसली नाही तर आधी खातं तपासायचं. ‘फाइंड माय डिव्हाइस’चं पान त्याच ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली आहे, तेही असंच वाचा. लोकेशन बंद आहे की खातं जोडलेलं नाही, याचा इशारा तिथे बहुधा लिहिलेला असतो. (कुणाकडे अजून विंडोज १० असेल तर हे पान ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल. पण विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हेही ध्यानात असू द्या.)

आता खातं. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, तिथे ‘युवर इन्फो’. नावाखाली ई-मेल दिसतोय की ‘लोकल अकाउंट’ (फक्त त्या लॅपटॉपपुरतं खातं) असं लिहिलंय? आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द आहे का? दुकानातून आलेल्या लॅपटॉपवर नेहमी दिसतं ते असं: दुकानदाराने ‘अ‍ॅडमिन’ नावाचं एक लोकल खातं केलेलं, त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि गिऱ्हाइकाला ‘यूजर’ नावाचं साधं खातं दिलेलं. साध्या खात्यातून लोकेशन सेवेचं मुख्य बटण हलत नाही, कारण ते सगळ्या लॅपटॉपसाठी एकच असतं. असं निघालं तर दुकानदाराकडून त्या ‘अ‍ॅडमिन’चा पासवर्ड मागून घ्या. द्यायलाच हवा, लॅपटॉप तुमचा आहे. त्यात शिरून ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’मध्ये मुलीच्या खात्याचा प्रकार बदलून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. मग तिच्या खात्यात जाऊन ‘युवर इन्फो’मधून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करा.

खातं लोकल नसेल, ई-मेल दिसत असेल, तर तो ई-मेल कुणाचा हे नीट बघा. हसू नका. गेल्या वर्षी एका बाईंचा लॅपटॉप आला, त्यावर ‘फाइंड माय डिव्हाइस’ व्यवस्थित चालू होतं, फक्त खातं होतं विकणाऱ्या दुकानातल्या मुलाच्या मेलवर. सेटअप करताना मेल मागितला, त्याने आपला टाकून दिला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, पण बाईंचा लॅपटॉप सहा महिने कुठे कुठे जातोय हे त्याला घरबसल्या नकाशावर दिसू शकत होतं, आणि लांबून लॉकही करता आलं असतं. खातं मुलीच्या नावाचं, मेल तिचा, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी मोबाइल नंबरही तिचाच हवा.

इथे एक वडीलकीचा सल्ला, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. तुमच्या प्रश्नात “मला नांदेडहून बघता यावं” असं एक वाक्य आहे. तांत्रिकदृष्ट्या येईल. पासवर्ड असला की कुठूनही बघता येतं. पण कुणी नकाशावर लॅपटॉप शोधला की लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात तशी सूचना येते, हे माहीत असू द्या. ही चोरून नजर ठेवायची सोय नाही. पासवर्ड तिच्याकडेच राहू द्यावा आणि हरवलाच तर दोघांनी मिळून बघावं, असं मला वाटतं. माझीही मुलगी बाहेर शिकते, म्हणून बोललो.

खातं जोडताना पुन्हा पुन्हा चूक दाखवत असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. हे ऐकून लोक वैतागतात, पण सिन्नरचे एक शिक्षक तीन दिवस पासवर्ड बदलत बसले होते आणि लॅपटॉपवर तारीख होती १ जानेवारी २०१९. मदरबोर्डवरचा छोटा सेल मेला होता. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणी होत नाही, साइन इन अडकतं, आणि खापर फुटतं पासवर्डवर. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये सीआर २०३२ हाच सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, फक्त काहींत त्याला वायर जोडलेली असते, ती तशीच लागते.

खातं आणि अधिकार दोन्ही ठीक निघाले तर सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या सेवा बघा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करून ती खिडकी उघडा आणि यादीत ‘जिओलोकेशन सर्व्हिस’ शोधा. तिच्यापुढे ‘डिसेबल्ड’ असेल तर लोकेशन चालू होणारच नाही. तिच्यावर दोनदा क्लिक करून ‘स्टार्टअप टाइप’ ‘मॅन्युअल’ करा, ‘अप्लाय’ आणि मग ‘स्टार्ट’. मूळ विंडोजमध्ये ती मॅन्युअलच असते, गरज पडली की स्वतःच जागी होते. त्याच यादीत ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंट साइन-इन असिस्टंट’ही असते, तीही डिसेबल्ड नसावी. या दोन्ही एकाच वेळी बंद सापडल्या तर समजा, कुणीतरी मुद्दाम हात फिरवलाय.

पॉलिसीवर जरा थांबतो, कारण रिफर्बिश्डमध्ये खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते आणि दुकानदाराच्या ८०० रुपयांचा हिशेबही इथेच लागतो.

पॉलिसी म्हणजे विंडोजला दिलेला लेखी हुकूम. कंपन्या आपल्या शेकडो लॅपटॉपवर एकसारखे नियम लावतात, त्यासाठी ही व्यवस्था. तो हुकूम शेवटी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एका ओळीच्या रूपाने बसतो. आणि तो कंपनीनेच दिलाय की कुणा पोराने पेन ड्राइव्हवरून घुसवलाय, हे विंडोजला कळत नाही. दोन्ही वेळा ते तेच म्हणतं, की तुमची संस्था हे सांभाळते. म्हणून ज्यांची काहीच संस्था नाही अशांनाही ही ओळ दिसते आणि ते घाबरतात, हॅक झालं म्हणून.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी मीही ‘लाइट’ विंडोजचा पेन ड्राइव्ह वापरायचो. कुणीतरी मूळ विंडोज सोलून, नको त्या सेवा काढून, हलकं केलेलं. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते सुरेख पळायचं आणि माझी वीस मिनिटं वाचायची. एक गिऱ्हाईक असंच करड्या बटणाची तक्रार घेऊन आलं. मी फॉरमॅट मारलं, बटण करडंच. वाटलं, कॉपी नीट झाली नसेल. पुन्हा मारलं, पुन्हा करडं. तिसऱ्यांदा पेन ड्राइव्ह लावताना डोक्यात प्रकाश पडला, की मी त्याच विहिरीतलं पाणी पुन्हा पुन्हा शेंदतोय. लोकेशन बंद ठेवायचा हुकूम त्या पेन ड्राइव्हवरच्या विंडोजमध्येच होता. ज्याने ते हलकं केलं त्याने ‘प्रायव्हसी’ म्हणून लोकेशन मुळापासून तोडून टाकलेलं. त्या दिवशी तो पेन ड्राइव्ह कोरा केला.

आता तुमच्या दुकानदाराचं बघा. तो ज्या पेन ड्राइव्हने फॉरमॅट मारणार तो बहुधा तोच, ज्याने आधी विंडोज टाकलं होतं. मग ८०० रुपये देऊन तुम्हाला काय मिळणार? तेच करडं बटण, वर मुलीच्या फायली पुसलेल्या. यात नेहमी लबाडी असते असं नाही. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं. रिफर्बिश्डच्या बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप ढिगाने असतात. गिऱ्हाइकाला ‘अकरा’च हवं असतं. मग अटी चुकवून केलेल्या, इकडून तिकडून डाउनलोड केलेल्या आवृत्त्या टाकल्या जातात. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते ‘सिस्टीम’, ‘अबाउट’मध्ये पाहून घ्या. आय५-७२०० असं काही दिसलं तर सातवी पिढी, आय५-८२५० दिसलं तर आठवी. सातवी किंवा आधीची असेल तर माझा संशय दुप्पट होतो.

हुकूम काढायचा कसा? विंडोज प्रो असेल तर स्टार्टमध्ये ‘एडिट ग्रुप पॉलिसी’ टाइप करा. ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कॉम्पोनंट्स’ असं खाली उतरलं की ‘लोकेशन अँड सेन्सर्स’ नावाची घडी (फोल्डर) आहे, तिथे ‘टर्न ऑफ लोकेशन’. शेजारी ‘फाइंड माय डिव्हाइस’चीही स्वतंत्र घडी आहे. दोन्हीकडे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असायला हवं. पण हलक्या केलेल्या विंडोजमध्ये हुकूम थेट रजिस्ट्रीत लिहिलेला असतो आणि इथे सगळं स्वच्छ दिसतं. त्यामुळे इथे काही सापडलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. होम आवृत्तीत तर ही खिडकीच नसते.

रजिस्ट्री एडिटर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘लोकल मशीन’खाली ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘मायक्रोसॉफ्ट’. त्यात ‘विंडोज’ आणि मग ‘लोकेशनअँडसेन्सर्स’ अशी घडी आहे का बघा. असेल आणि उजवीकडे ‘डिसेबललोकेशन’पुढे १ असेल, तर चोर सापडला. ‘पॉलिसीज’मधल्याच ‘मायक्रोसॉफ्ट’खाली ‘फाइंडमायडिव्हाइस’ नावाची घडी आणि तिच्यात ‘अलाउफाइंडमायडिव्हाइस’पुढे ० असेल, तर त्याचा जोडीदारही सापडला. त्या घडीवर उजवं क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा, म्हणजे चुकलं तर परत आणता येईल. मग फक्त त्या ओळी डिलीट करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीत आणखी कशालाही हात लावू नका. इंटरनेटवर दहा ठिकाणी दहा नोंदी डिलीट करा म्हणून सांगतात. मी त्या वाटेला शेवटीसुद्धा जात नाही, त्यापेक्षा शुद्ध विंडोज टाकलेलं बरं.

हे करण्याआधी मात्र एक खात्री हवीच. ‘अकाउंट्स’मध्ये ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. तिथे कुठल्या कंपनीचं खातं जोडलेलं दिसतंय का? रिफर्बिश्ड लॅपटॉप बहुतेक आयटी कंपन्यांच्या भाडेपट्ट्यातून येतात. चांगला विक्रेता ते पुसून, कंपनीच्या नोंदीतून सोडवून विकतो. काही वेळा सोडवायचं राहून जातं. मग लॅपटॉप रीसेट केला की पहिल्याच पडद्यावर अनोळखी कंपनीचं नाव येतं आणि तिचा मेल आयडी मागितला जातो. असं झालं तर रजिस्ट्रीशी झटापट करू नका. तो लॅपटॉप कागदोपत्री अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि ती नोंद फक्त तिच्याच आयटी विभागाला काढता येते. बिल घ्या, दुकानात जा आणि सोडवून द्या नाहीतर बदलून द्या म्हणून सांगा. बिल नसेल तर, खरं सांगायचं, कठीण आहे.

हुकूम पुसूनही बटण करडंच राहिलं, किंवा सर्व्हिसेसच्या यादीत ‘जिओलोकेशन सर्व्हिस’ मुळात दिसलीच नाही, तर ते विंडोज सोललेलं आहे. तेव्हा फॉरमॅट मारा. मात्र मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं शुद्ध विंडोज, तुमच्या स्वतःच्या आठ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर. डाउनलोडला पैसे पडत नाहीत. कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये विंडोजची की (परवान्याचा क्रमांक) बहुधा बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्येच असते, ती आपोआप लागते. दुकानदाराला ८०० द्यायचेच असतील तर या कामाचे द्या, समोर उभं राहून करून घ्या. आणि फॉरमॅटच्या आधी मुलीच्या फायली बाहेर काढून ठेवा.

मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की आणखी एक गोष्ट घडू शकते, त्याची कल्पना असू द्या. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे आतल्या माहितीला लागणारं कुलूप, गुपचूप सुरू होतं आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. ही चांगलीच गोष्ट आहे, पुढे सांगतो का ते. पण नंतर बायोस अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ती की मागतो. त्या वेळी लोक माझ्याकडे रडत येतात. की खात्यात आहे हे ठाऊक असेल आणि खात्याचा पासवर्ड आठवत असेल तर मोबाइलवरून बघून टाइप करायची, संपलं. नसेल तर डिस्कवरचं मीही काढून देऊ शकत नाही.

आता दुसरा प्रश्न, सापडतो का.

लॅपटॉपला मोबाइलसारखं जीपीएस बहुधा नसतं. आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांच्या ओळखी गोळा करून, कुठला राउटर कुठे असतो याच्या साठ्याशी त्या पडताळून तो आपली जागा ठरवतो. वाय-फाय बंद असेल, नुसती लॅनची वायर लावलेली असेल, तर इंटरनेट पत्त्यावरून अंदाज बांधतो, आणि मग पुण्यातला लॅपटॉप खुशाल मुंबईत दिसतो. जळगावहून नाशिकला बदली होऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप माझ्या टेबलावर नाशिक दाखवायचा आणि त्यांच्या घरी गेला की जळगाव. दोन दिवस डोकं खाजवलं. मग विचारलं, राउटर कुठला? सामानासोबत जळगावचाच आणलेला! नव्या वसाहतीत आसपास दुसरं वाय-फाय नव्हतं, साठ्यात त्या राउटरचा पत्ता अजून जुनाच होता. काही आठवड्यांनी आपोआप सुधारलं.

म्हणून नकाशावर ठिपका दिसला की तो अचूक धरून चालू नका. पुण्याच्या एखाद्या गजबजलेल्या गल्लीत पन्नास मीटरची चूक म्हणजे चार इमारती आणि शंभर दारं. स्वतः जाऊन दार ठोठावायचं तर मुळीच नाही.

शिवाय लॅपटॉप चालू आणि इंटरनेटला जोडलेला असेल तरच ठिपका ताजा असतो. झाकण बंद, शटडाउन, वाय-फाय नाही, यापैकी काहीही असलं की जास्तीत जास्त शेवटची जागा दिसते. मॅकबुकचं वेगळं आहे, ते इंटरनेट नसतानाही आसपासच्या अ‍ॅपलच्या उपकरणांमार्फत आपला पत्ता कळवू शकतं. विंडोजमध्ये तशी साखळी नाही. आणि चोराने फॉरमॅट मारलं की विंडोजचा हा धागा तुटलाच. फोनसाठी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करता येतो तसं लॅपटॉपचंही करता येईल का, असं बरेच जण विचारतात. सिम घालायची सोय असलेले मोजके सोडले तर लॅपटॉपला आयएमईआय नसतोच, त्यामुळे तो रस्ताही बंद.

मग हे सगळं कशासाठी? माझ्या अनुभवात ही सोय चोरीपेक्षा विसरण्यात कामी येते. लायब्ररीत राहिला, मैत्रिणीच्या खोलीवर राहिला, रिक्षात राहिला आणि रिक्षावाल्याने घरी नेऊन उघडून बघितला. अशा वेळी नकाशा बघायचा आणि ‘लॉक’ दाबायचं. लांबून डिस्क पुसायची सोय वैयक्तिक खात्यात नाही, फक्त लॉक करता येतं. म्हणूनच मघाशी एन्क्रिप्शन चांगलं म्हणालो. लॅपटॉप गेला तरी आतले फोटो, आधारची कॉपी, बँकेची कागदं चोराला वाचता येत नाहीत. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी एन्क्रिप्शन घेईन.

चोरीच झाली तर पोलिसांना ठिपक्याआधी सिरीयल नंबर लागतो. लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो काढून तुमच्या आणि तिच्या, दोघांच्या फोनमध्ये आजच ठेवा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार तक्रार ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि हद्द कुठली का असेना, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. मुलगी घाबरली असेल तर हे तिला माहीत असलेलं बरं.

तर तुमच्यासाठी क्रम असा: ओळ वाचा, खात्याचा मालक आणि अधिकार बघा, तारीख बघा, दोन सर्व्हिसेस, मग कंपनीचं खातं जोडलेलं नाही याची खात्री करून रजिस्ट्रीतल्या त्या दोन ओळी. इथपर्यंत बहुतेक करडी बटणं निळी होतात. झालं की मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या साइटवर ‘डिव्हायसेस’मध्ये जाऊन लॅपटॉपला ओळखू येईल असं नाव द्या.

आणि लॅपटॉप नकाशावर दिसतो का, ही चाचणी नांदेडला घेऊन समाधान मानू नका, हॉस्टेलवर गेल्यावर तिला घ्यायला सांगा. बऱ्याच हॉस्टेलांच्या वाय-फायला आधी एक लॉगिनचं पान येतं. त्यावर नाव-पासवर्ड टाकेपर्यंत लॅपटॉप वाय-फायला जोडलेला दिसतो, पण इंटरनेट नसतं, आणि तोवर तो नकाशावर येत नाही. तिथे तसंच असेल तर तिच्या फोनचा हॉटस्पॉट एकदा जोडून ‘आपोआप जोड’वर खूण करून ठेवायला सांगा. लॅपटॉप खोलीतच कुठे राहिला आणि ती फोन घेऊन जवळपास असली, तर निदान तेवढ्यापुरता तो बोलेल. चाचणी झाली की बटणाखाली दिसलेली ती बारीक ओळ मला जशीच्या तशी लिहून पाठवा. पॉलिसीची आहे की खात्याची, ते त्यावरून सांगतो.